घरातल्या पोकळ जागा

१

जुनं घर बघायला गेलात तर आधी रंगाकडे बघू नका. रंग काय, कुणीही फासतो. उजेड किती येतो, वारा कुठून येतो हे सगळं नंतर. आधी बोट वाकवा आणि पेराने भिंत ठोका. भरीव भिंत 'ठक' म्हणते आणि गप्प बसते. आतून गिलावा सुटला असेल तर 'डब' असा आवाज येतो. तिथे पोकळी आहे. पोकळी आहे म्हणजे ओल आहे, आणि ओल आहे म्हणजे आज ना उद्या डोक्याला ताप आहे. एवढी साधी गोष्ट लोकांना सांगावी लागते याचंच मला नवल वाटतं.

मी एका मोठ्या कचेरीच्या इमारतीची देखभाल बघायचो. निवृत्त झालो तरी लोक विचारायला येतात. कुणाचा नळ गळतो, कुणाचं दार पावसाळ्यात फुगतं. मी जातो, ठोकतो, सांगतो. ऐकलं नाही तर चिडतोही. आमची ही म्हणते, "लोकांच्या घरात जाऊन भांडणारा पाहुणा तुमच्याशिवाय दुसरा नसेल."

हे घर हिच्यासाठी घेतलं. हिची फुप्फुसं अशक्त झाली होती. डावं तर जवळजवळ बंदच. वरच्या मजल्यावरचं आमचं घर सोडून तळमजल्याचं घर बघा, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "जिने नकोतच. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ओल नको. भिंतीला बुरशी धरली तर यांना फार दिवस काढता येणार नाहीत."

मला तळमजल्याचं घर मिळालं, पण ओलीसकट. रस्त्याच्या टोकाला, सुटं, मागे अंगण. भिंती दुहेरी होत्या. बाहेरची एक, आतली एक, आणि मध्ये हात जाईल एवढी रिकामी जागा. त्या रिकाम्या जागेत जागोजागी पाणी झिरपलं होतं. मी म्हटलं, हरकत नाही. सगळं घर ठोकून काढू, जिथे पोकळ वाजेल तिथे खडूने गोल करू, आणि सिमेंटचा पातळ घोळ ओतून भरून टाकू. एक जागा सोडायची नाही. अर्धवट काम मला आयुष्यात कधी जमलेलं नाही.

२

माझी ठोकायची एक सवय आहे. दोनदा जलद, मग जरा थांबून एकदा. कचेरीत लोक या आवाजावरून ओळखायचे की साहेब मजल्यावर आले.

एका सकाळी मी निजायच्या खोलीची भिंत तपासत होतो. ही पलंगावर उशीला टेकून बसली होती. मी दाराजवळ ठोकलं. भरीव. पुढे सरकणार, तोच कपाटामागून आवाज आला. दोनदा जलद, मग थांबून एकदा.

"ऐकलंस?" मी म्हटलं.

"तुम्हीच तर ठोकताय," ही म्हणाली.

माझे दोन्ही हात खाली होते. तरी म्हटलं, आवाज फिरून आला असेल. दुहेरी भिंत आहे, पाण्याचा पाइप आहे, पाइपात हवा अडकली की असले आवाज येतात. मी स्वतः किती लोकांना हे समजावलं आहे! पलीकडे शेजारी नाही, अंगण आहे, हेही मला माहीत होतं. तिथे जाऊन बघून आलो. कुणी नव्हतं.

कपाट ओढलं आणि ठोकलं. डब! गवंड्याला बोलावून तो भाग फोडून घेतला. आत पाइपाचा सांधा सुटलेला आणि सगळा गिलावा भिजून भुसभुशीत झालेला. भिंतीच्या आतल्या अंगाला काळी बुरशी, अगदी हिच्या उशीच्या पातळीला. हे मला कधीच सापडलं नसतं, कारण कपाटामागे मी सगळ्यात शेवटी जाणार होतो.

सांधा बदलला, जागा वाळवली, भरली. त्या आठवड्यात हिचा खोकला पहिल्यांदा कमी झाला. मला इतका आनंद झाला की मी गवंड्याला जेवायला थांबवलं. खरं म्हणजे पानावर दुसऱ्याच कुणाला तरी बसवायला हवं होतं असं मला वाटत राहिलं, पण कुणाला, ते कळत नव्हतं.

३

मग ते नेहमीचंच झालं. मी चहाचा कप घेऊन बसलो की कुठून तरी आवाज यायचा. न्हाणीच्या कोपऱ्यातून. स्वयंपाकघरात ओट्याखालून. मी जाऊन ठोकायचो, तिथे हमखास पोकळ वाजायचं, खडूने गोल करायचो. पाइपात हवा अडकते म्हणावं, तर हवेला माझं काम कसं कळावं? माझ्या डोक्याला हे पटत नव्हतं. पण हिचा श्वास सुधारत होता, आणि त्यापुढे मी डोक्याला गप्प केलं.

एकदा ही दुपारी आडवी झाली होती. आवाज छतातून आला. बरोबर पलंगाच्या वर. नेहमीसारखा सावकाश नाही, घाईघाईने, पुन्हा पुन्हा.

"ऊठ," मी म्हटलं.

"अहो, आत्ता डोळा लागत होता."

"ऊठ म्हणतो ना!"

"घराला हवं तेव्हा ठोकता, आता बायकोला हवं तेव्हा उठवता," असं पुटपुटत ती उठली. मी पलंग भिंतीकडे सरकवला. ती खुर्चीत बसून माझ्यावर तोंडसुख घेत होती, आणि तिचं बोलणं संपायच्या आत छताचा गिलावा खाली आला. परातीएवढा तुकडा. पलंग होता तिथली फरशी फुटली.

आम्ही दोघं धुळीत उभे होतो. ही माझा दंड धरून होती. मी वर बघितलं आणि मोठ्याने म्हटलं, "उपकार झाले हो तुमचे. फार उपकार झाले."

"छताला अहो-जाहो?" ही खोकत खोकत हसली. "इतक्या वर्षांत माझे कधी आभार मानलेत का?"

"तुझेही मानतो," मी म्हटलं, आणि मला रडू आलं. तिला वाटलं, डोळ्यांत धूळ गेली.

४

कोठीच्या खोलीत भिंत सगळ्यात जास्त पोकळ वाजत होती. कमरेपासून डोक्यापर्यंत. गवंड्याने छिन्नीने वीट काढली, दुसरी काढली, आणि आत डोकावून हसला.

"साहेब, इथे कुणीतरी राहतंय वाटतं. आणि झाडलोट तुमच्यापेक्षा चांगली ठेवलीय."

मी बघितलं. दुहेरी भिंतीच्या आत काय असतं हे मी आयुष्यभर बघत आलो आहे. जाळी, चुन्याचे खडे, उंदराच्या लेंड्या, विटा सांधताना पडलेला मसाला. इथे काहीही नव्हतं. विटा आतून गुळगुळीत होत्या. वापरून झिजलेल्या पायरीवर जशी चकाकी येते तशी त्यांच्यावर आली होती. ती चकाकी सगळीकडे नव्हती. खाली बूड टेकावं तिथे, वर पाठ लागावी तिथे, आणि मध्ये हाताच्या उंचीवर एका ओळीत, लहान लहान खळगे. मी माझं वाकवलेलं बोट एका खळग्यात ठेवून बघितलं. नीट बसलं.

"पाण्याने झिजलं असेल," मी म्हटलं.

गवंड्याने कोपरापर्यंत हात आत घातला. मग काढला आणि कपड्याला पुसला, कोरडाच होता तरी. "ऊब आहे आत," म्हणाला. त्यानंतर तो दिवसभर काही विनोद करेना. घोळ कालवला, ओतला, विटा बसवल्या आणि निघाला. जाताना मात्र दारात थांबून म्हणाला, "आपण भरतोय ते बरोबरच करतोय ना, साहेब?"

"ओल आहे की नाही आत?"

"ओल नव्हती," तो म्हणाला.

तो गेल्यावर मी घरभर फिरून ठोकलं. कपाटामागे, न्हाणीत, ओट्याखाली, कोठीत. ठक, ठक, ठक, ठक. ज्या ज्या जागेवरून आवाज आला होता ती प्रत्येक जागा भरली होती, आणि भरलेल्या जागेतून पुन्हा कधीही आवाज आला नव्हता. हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं. पोकळ जागेतूनच ठोकता येतं. ते जे काही होतं, ते आम्हाला स्वतःच्या जागा दाखवत होतं. त्याने दाखवलेल्या जागेबद्दल मी आभार मानत होतो आणि मग तीच जागा सिमेंटने बुजवत होतो.

५

शेवटची जागा उरली निजायच्या खोलीत, खिडकीशेजारी, आरामखुर्चीच्या मागे. आता आवाज तिथूनच यायचा, तोही अगदी हळू. माझं मन होईना. मी रोज काहीतरी निमित्त काढायचो. सिमेंटचे गोळे झाले, गवंड्याला सवड नाही, माझी कंबर धरली.

मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या गावी असते आणि माझा हट्टी स्वभाव तिच्यातच पुरा उतरला आहे. "बाबा, पावसाळा तोंडावर आलाय. एवढं सगळं केलंत आणि आईच्या उशाशीच ओल ठेवणार का? तुम्हीच म्हणता ना, अर्धवट काम म्हणजे न केलेलं काम?"

"तिथे ओल नाही."

"मग पोकळ का वाजतंय?"

मी विषय बदलला. आणि हिचा श्वास पुन्हा जड व्हायला लागला होता. बोलता बोलता थांबायची, ओठ निळसर दिसायचे. डॉक्टरीणबाई येऊन बघून गेल्या, औषध वाढवलं, पण माझ्या नजरेला नजर देईनात. मला इतकी भीती वाटली की मी दुसऱ्या दिवशी गवंड्याची वाटही बघितली नाही. स्वतःच भोक पाडलं, नरसाळं लावलं, घोळ कालवला.

ही आरामखुर्चीत बसली होती, पाठ भिंतीला टेकून.

"जरा पुढे सरक," मी म्हटलं.

"बसू द्या. इथे ऊब लागते पाठीला."

"अंगावर सिमेंट सांडेल."

"सांडू दे," ती म्हणाली. डोळे मिटलेले. "तुम्ही तुमचं काम करा. मी सांगते तेव्हा सुरू करा."

मला ते विचित्र वाटलं, पण आजारी माणसाच्या मनाविरुद्ध कशाला जायचं! ती तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलत होती. मला वाटलं, श्वास मोजतेय. डॉक्टरीणबाईंनी तसा व्यायाम दिला होता. मी भिंतीला तोंड लावून हळूच म्हटलं, "माफ करा. माझी बायको आहे हो." आतून काही आलं नाही.

"हं," ही म्हणाली.

मी ओतायला सुरुवात केली. घोळ आत पडल्याचा आवाज वर वर चढत आला. भरत आलं तेव्हा हिने श्वास घेतला. नुसता घेतला नाही, ओढला. खांदे वर गेले, छाती पुढे आली, पाठ भिंतीपासून सुटली. कितीतरी महिन्यांत मी तिला असा भरून श्वास घेताना बघितलं नव्हतं. आणि तो तिने सोडला नाही. मी नरसाळं टाकून तिच्यासमोर गेलो, तिचे खांदे हलवले, तिला नावाने हाक मारली. मी सहसा नावाने हाक मारत नाही.

मग तिने श्वास सोडला, डोळे उघडले आणि खोलीभर नजर फिरवली. छत बघितलं, खिडकी बघितली, मला बघितलं.

"केवढं मोठं आहे," ती म्हणाली.

६

मी खोटं बोलणार नाही. त्यानंतरचे दिवस आमच्या संसारातले सगळ्यात सुखाचे होते. खोकला गेला. ही सकाळी अंगणात चालायची, दुपारी कपाटं आवरायची. घर झाडून लखलखीत. मुलगी भेटायला आली तेव्हा आईला बघून दारातच रडायला लागली आणि माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "बाबा, तुम्ही आईला परत आणलंत." मी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिलो.

बारीकसारीक गोष्टी होत्या. माणूस आजारातून उठला की बदलतोच, असं मी स्वतःला सांगायचो. ही आता पलंगावर मधोमध निजत नसे, भिंतीला पाठ चिकटवून निजे. मोकळ्या रस्त्यावर आली की माझा हात घट्ट धरे. मी शेजारच्या खोलीत काही शोधत असलो की आवाज न देता येऊन ती वस्तू कुठे आहे ते दाखवून जाई. आणि मी खोलीत नसताना ती अजिबात हलत नसे. एकदा खिडकीतून मी बघितलं. टेबलाशी बसली होती, हातात अर्धवट घडी केलेला टॉवेल. मी अंगणात किती वेळ उभा होतो कोण जाणे, घडी पुढे झाली नाही. मी दार वाजवलं आणि ती घडी पुरी करून उठली.

डॉक्टरीणबाईंकडे तपासणीला गेलो. डॉक्टर पाठीवर कसं ठोकून बघतात ते तुम्ही बघितलं असेल. एक बोट पाठीवर ठेवायचं, दुसऱ्याने त्यावर टिचकी मारायची. आमचंच तंत्र. त्या उजवीकडून खाली आल्या, डावीकडे गेल्या, डाव्या खांद्याच्या पात्याखाली ठोकलं आणि थांबल्या. पुन्हा ठोकलं. मग हात तसाच पाठीवर ठेवून राहिल्या. मला त्यांचं बोट दिसत होतं. ते बाई हलवत नव्हत्या, पण ते हलत होतं. आतून कुणी ढकलावं तसं, दोनदा जलद, मग जरा थांबून एकदा.

ही समोरच्या भिंतीकडे बघून शांतपणे हसत होती.

डॉक्टरीणबाई हात धुवायला गेल्या. बराच वेळ पाणी वाहत राहिलं. बाहेर आल्या तेव्हा म्हणाल्या, "श्वास उत्तम चाललाय." मग कागद आवरत, माझ्याकडे न बघता, "आता माझ्याकडे आणायची गरज नाही."

मी त्यांचेही आभार मानले.

७

काल दुपारी ही निजली होती. कुशीवर, पण नेहमीसारखी भिंतीला पाठ चिकटवून नाही, तर चक्क माझ्याकडे पाठ करून. मी कडेला बसलो. घरात कुठेही पोकळ जागा उरलेली नव्हती, आणि घर इतकं शांत होतं की माझा स्वतःचाच श्वास मला मोठा वाटत होता.

आयुष्यभर मी न ठोकता कशावर विश्वास ठेवलेला नाही. मी बोट वाकवलं. तिच्या पाठीजवळ नेलं. आणि तिथेच थांबलो. मला माहीत करून घ्यायचं होतं, आणि नव्हतंही. भरीव वाजलं तर? पोकळ वाजलं तर?

"ठोकू नका," ती म्हणाली. आवाज तिचाच. बोलणं तिचं नव्हतं. "इथे आम्ही नीट आहोत. जागा दिलीत, फार उपकार झाले."

मी हात मागे घेतला. मला ओरडायचं होतं, पण तोंडातून निघालं ते भलतंच. तोंडातून विनवणी निघाली. "राहा," मी म्हटलं. "हवं तितकं राहा. तुम्ही आमच्यासाठी खूप केलंत, मी ते विसरलेलो नाही. फक्त तिला बाहेर काढू नका."

पाठ वर खाली होत होती, अगदी एकसारखी.

"आम्ही नाही काढलं," आवाज आला. त्यात मला वाईट वाटल्याचा सूर होता, हे मी शपथेवर सांगतो. "ती त्या दिवशीच निघाली होती. घोळ कालवत होतात तेव्हा. आम्हीही निघणार होतो, आम्हाला जागा उरली नव्हती. तिने भिंतीला पाठ लावली आणि आम्हाला आत बोलावलं. म्हणाली, ह्यांना एकटं ठेवू नका."

मी पलंगाच्या कडेवर बसून राहिलो. किती वेळ रडलो माहीत नाही. माझ्या पाठीवर एक हात फिरत होता, अगदी तिच्यासारखा, वरून खाली, न थांबता. हात गरम होता. मी तो झटकला नाही.

ऊन खिडकीतून उतरलं तेव्हा ती उठली, केस बांधले, पदर सारखा केला. दारात थांबून वळली.

"अहो, चहा टाकू?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?